दुर्मीळ आजारांचे अर्थकारण आणि धोरण : कॅसलमन आजाराच्या निमित्ताने

कानाच्या पुढे, जबड्याच्या कोनाजवळ एखादी गाठ येते. ती दुखत नाही, तिला ताप नसतो, काही महिने ती तशीच राहते. भारतातील कोणत्याही जिल्ह्यात अशी गाठ घेऊन आलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांच्या मनात काही शक्यता ठरलेल्या क्रमाने येतात : दाताचा किंवा घशाचा संसर्ग, क्षयरोग, लाळग्रंथीची वाढ आणि कर्करोग. बहुसंख्य रुग्णांत यांपैकी एखादे निदान बरोबर ठरते. मात्र क्वचित एखाद्या रुग्णात गाठीचे कारण या यादीत नसते. कॅसलमन आजार हे अशा कारणांपैकी एक होय. लसीका ग्रंथींचा हा विकार दुर्मीळ आहे आणि तो कर्करोग नाही. चेहऱ्यावर तो दिसणे तर त्याहूनही दुर्मीळ आहे.

एका दुर्मीळ विकाराचा विचार विकासविषयक चर्चेत कशासाठी करावा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु दुर्मीळ आजार हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नाही. बाजारपेठ कोठे अपुरी पडते, शासनाने मर्यादित साधनांचे वाटप कोणत्या तत्त्वावर करावे, घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचा अर्थ आरोग्यसेवेपर्यंत कितपत पोहोचतो, हे सर्व प्रश्न या विषयात एकत्र येतात. प्रस्तुत लेखात कॅसलमन आजाराचे उदाहरण घेऊन त्यांचा विचार केला आहे.

लसीका ग्रंथी आणि चेहरा

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींच्या भोवतीचा द्रव या वाहिन्यांतून परत रक्ताकडे नेला जातो. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या बियांसारख्या आकाराच्या लसीका ग्रंथी असतात. त्या द्रवातील जंतू व परकीय पदार्थ अडवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिकारपेशी तयार करतात. संसर्ग झाला की या ग्रंथी सुजतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मानेतील ग्रंथींच्या क्षयाला मराठीत गंडमाळ हे जुने नाव आहे. यावरून हा विकार समाजाला किती परिचित होता, हे लक्षात येते.

मानेत लसीका ग्रंथी मोठ्या संख्येने असतात, तर चेहऱ्यावर त्या कमी व लहान असतात. त्यास महत्त्वाचा अपवाद म्हणजे कानापुढील पॅरोटिड ही लाळग्रंथी होय. गर्भावस्थेत या ग्रंथीभोवती आवरण तयार होण्यास इतर लाळग्रंथींच्या तुलनेत उशीर होतो. तोपर्यंत लसीका ऊतींची वाढ सुरू झालेली असते, त्यामुळे काही लसीका ग्रंथी आवरणाच्या आतच राहतात. साहजिकच लसीका ग्रंथींचा विकार येथे लाळग्रंथीच्या गाठीसारखा भासतो. शिवाय चेहऱ्याच्या स्नायूंचे नियंत्रण करणारी चेतातंतूची मुख्य शाखा याच ग्रंथीतून जाते. शस्त्रक्रियेत तिला इजा झाल्यास डोळा मिटणे, ओठ हलवणे यांवर परिणाम होतो. म्हणून येथील गाठ लहान असली तरी ती काढणे हे कुशल शल्यविशारदाचे काम ठरते.

लसीका ग्रंथींचे दुर्मीळ परंतु अकर्करोगी विकार अनेक आहेत. जपानमध्ये १९७२ मध्ये वर्णन झालेला किकुची-फुजिमोतो आजार मुख्यतः तरुण वयात मानेच्या ग्रंथींत दिसतो व बहुधा आपोआप बरा होतो. किमुरा आजार प्रामुख्याने आशियाई पुरुषांत, कानाच्या परिसरात आढळतो. रोसाई व डॉर्फमन या विकृतिवैज्ञानिकांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या आजारात मानेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी बऱ्याच मोठ्या होऊ शकतात. या सर्वांत बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे गाठ. त्यांच्यातील फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

कॅसलमन आजाराचा शोध आणि प्रकार

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विकृतिवैज्ञानिक बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये या विकाराचा एक रुग्ण नोंदवला. १९५६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथी वाढलेल्या होत्या आणि त्या दुसऱ्याच एका ग्रंथीच्या गाठीसारख्या भासत होत्या. आज छाती, मान व पोट ही या आजाराची प्रमुख स्थाने मानली जातात. पॅरोटिड व चेहऱ्याच्या इतर भागांतील उदाहरणे मोजकीच असतात.

या आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. एककेंद्री प्रकारात शरीराच्या एकाच भागातील ग्रंथी वाढते. रुग्णाला बहुधा गाठीखेरीज काहीच त्रास नसतो आणि गाठ पूर्णपणे काढली की रुग्ण सहसा बरा होतो. चेहऱ्यावरील एकटी गाठ बहुतेक वेळा याच प्रकारात मोडते. बहुकेंद्री प्रकाराचे स्वरूप मात्र अगदी वेगळे असते. त्यात अनेक ठिकाणच्या ग्रंथी वाढतात, ताप, रात्री घाम, वजन घटणे, रक्तक्षय अशी लक्षणे दिसतात आणि गंभीर रुग्णांत यकृत, मूत्रपिंड यांसारखे अवयव निकामी होऊ शकतात. यातील काही रुग्णांत मानवी हर्पीस विषाणू क्रमांक आठ हे कारण असते व त्यांपैकी अनेकांना एचआयव्हीची बाधा असते. उरलेल्या अनेक रुग्णांत कारण सापडत नाही.

येथे 'सौम्य' या शब्दाबाबतचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वैद्यकीय परिभाषेत सौम्य गाठ म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. तिचा अर्थ निरुपद्रवी असा होत नाही. बहुकेंद्री कॅसलमन आजार कर्करोग नसूनही प्राणघातक ठरू शकतो. उलट एककेंद्री आजाराची गाठ मोठी दिसली, तरी ती एका शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते. ज्या आरोग्ययोजनांची रचना 'कर्करोग' या शब्दाभोवती झालेली असते, त्यांच्या निकषांत असा आजार बसवणे कठीण जाते, हा या वर्गीकरणाचा व्यावहारिक परिणाम होय.

निदानाची साखळी आणि संभाव्यतेचा नियम

भारतात मानेवरील दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठीबाबत प्रथम क्षयरोगाचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. फुप्फुसाबाहेरील क्षयाच्या प्रकारांत लसीका ग्रंथींचा क्षय सर्वाधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील क्षयरोगाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ होते. ते २०२३ मध्ये १९५ पर्यंत खाली आले असले, तरी हा भार अद्याप मोठाच आहे.

संभाव्यतेच्या भाषेत सांगायचे तर एखाद्या लक्षणाचा अर्थ त्या समाजातील आजारांच्या मूळ प्रमाणावर अवलंबून असतो. समजा, अशा गाठी असलेले १,००० रुग्ण एका रुग्णालयात आले आणि त्यांतील एकालाच कॅसलमन आजार आहे. त्या एकासाठी सर्व १,००० रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेने काढून तपासणे हे खर्चाच्या व धोक्याच्या दृष्टीने समर्थनीय ठरणार नाही. परंतु त्या एका रुग्णाला क्षयरोगाचे औषध देऊन विषय संपवणे हेही समर्थनीय नाही. लसीका ग्रंथींच्या क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. निदान चुकलेले असेल, तर रुग्ण ही औषधे व त्यांचे यकृतावरील संभाव्य दुष्परिणाम विनाकारण सोसतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

यातून मार्ग काढण्यासाठी तपासण्या टप्प्याटप्प्याने केल्या जातात. प्रथम बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासल्या जातात व क्षयजंतूंचा शोध घेतला जातो. ही तपासणी स्वस्त व जलद आहे, पण तिला एक मूलभूत मर्यादा आहे. सुईने विखुरलेल्या पेशी मिळतात, ग्रंथीची अंतर्गत रचना मिळत नाही. कॅसलमन आजाराची ओळख नेमकी त्या रचनेतच असते. म्हणून सुईच्या तपासणीतून निष्कर्ष निघत नसेल किंवा उपचाराला अपेक्षित प्रतिसाद मिळत नसेल, तर संपूर्ण ग्रंथी काढून तिची ऊतिपरीक्षा करणे आवश्यक ठरते. क्षयरोगात औषधे सुरू असतानाही काही गाठी तात्पुरत्या वाढतात, त्यामुळे केवळ गाठ न घटणे हा निदान चुकल्याचा पुरावा मानता येत नाही. हा निर्णय अनुभवी डॉक्टरांनी पुनर्तपासणीच्या आधारेच घ्यावयाचा असतो.

या साखळीतील सर्वांत कमकुवत दुवा बहुधा शेवटचा असतो. शल्यविशारद जिल्हा पातळीवर उपलब्ध असतो, पण दुर्मीळ रचना ओळखणारा विकृतिवैज्ञानिक मोठ्या शहरात असतो. वारंवार प्रवास, बुडालेली मजुरी आणि खासगी तपासण्यांचे शुल्क यांमुळे निदान होण्यापूर्वीच कुटुंबाची बचत संपू शकते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील रुग्णांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे. तथापि सार्वजनिक योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च भागवतात, तर दुर्मीळ आजारात मोठा खर्च निदानाच्या शोधातच होतो.

एका रेणूची कथा

कॅसलमन आजाराच्या संशोधनाने वैद्यकशास्त्राला जे दिले, ते या आजाराच्या रुग्णसंख्येच्या मानाने फार मोठे आहे. जपानमधील ओसाका विद्यापीठात काझुयुकी योशिझाकी व तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवून दिले, की या रुग्णांच्या वाढलेल्या ग्रंथींत इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतो. ताप, रक्तक्षय आणि वजनातील घट यांचा उलगडा त्यातून झाला. पुढे या रेणूचा ग्राही अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध विकसित झाले. २००५ मध्ये जपानने त्याला मान्यता दिली, ती कॅसलमन आजारासाठीच. त्यानंतर संधिवातासाठी त्याचा वापर जगभर सुरू झाला.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत भारतातील रुग्णांचे नातेवाईक ज्या टोसिलिझुमॅबसाठी धावपळ करत होते, ते हेच औषध. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या भारतीय जैवसदृश आवृत्तीला कोविडसाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. मोजक्या रुग्णांच्या आजारावरील संशोधन लक्षावधी रुग्णांच्या उपयोगी कसे पडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला ज्ञानाची सकारात्मक बाह्यता म्हणतात. संशोधनाचा संपूर्ण लाभ संशोधकाला किंवा कंपनीला मिळत नाही, तो समाजात पसरतो. म्हणूनच केवळ बाजारावर सोपवल्यास असे संशोधन समाजाला आवश्यक असते त्यापेक्षा कमीच होते.

दुसरे औषध सिल्टुक्सिमॅब. इंटरल्युकिन-६ ला थेट बांधून ठेवणाऱ्या या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये बहुकेंद्री कॅसलमन आजारासाठी मान्यता दिली. एचआयव्ही व हर्पीस विषाणू आठ यांची बाधा नसलेल्या रुग्णांना ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिले जाते. मात्र सर्वच रुग्णांना त्याचा गुण येत नाही.

या मर्यादेवर एका रुग्णाने शोधलेला मार्ग धोरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील डेव्हिड फायगेनबॉम यांना वैद्यकीय विद्यार्थी असताना २०१० मध्ये हा आजार झाला. त्यांनी २०१२ मध्ये जगभरच्या संशोधकांना व रुग्णांना जोडणारे जाळे उभारले. स्वतःच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास करून त्यांनी २०१४ मध्ये सिरोलिमस हे औषध घेतले व त्यांचा आजार आटोक्यात आला. सिरोलिमस हे अवयव प्रत्यारोपणात वापरले जाणारे जुने औषध आहे. ईस्टर बेटावरील मातीतील सूक्ष्मजीवापासून ते वेगळे करण्याचे श्रेय भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सहगल यांच्या गटाकडे जाते. २०१७ मध्ये बहुकेंद्री आजाराचे पहिले आंतरराष्ट्रीय निदान-निकष प्रसिद्ध झाले. कॅसलमन यांच्या पहिल्या नोंदीनंतर त्याला सहा दशकांहून अधिक काळ लागला.

दुर्मीळ म्हणजे किती?

दुर्मीळ आजाराची जगाला मान्य अशी एकच व्याख्या नाही. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी नागरिकांना होणारा आजार दुर्मीळ मानला जातो. युरोपीय संघात ही मर्यादा दर दहा हजारांमागे पाच रुग्ण अशी आहे. जपानमध्ये ५० हजारांपेक्षा कमी रुग्णसंख्या हा निकष आहे. भारतात रुग्णसंख्येवर आधारित व्याख्या करण्याइतकी विश्वासार्ह आकडेवारी नसल्याने राष्ट्रीय धोरणाने अशी व्याख्या न करता आजारांचे गट पाडले आहेत. औषधांच्या बाबतीत मात्र २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी स्पष्ट मर्यादा घातली आहे. भारतात पाच लाखांहून अधिक नसलेल्या रुग्णांच्या आजारावरील औषध ते 'अनाथ औषध' होय.

आकड्यांचा अर्थ लावताना लोकसंख्येचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील विमा दाव्यांवर आधारित एका अभ्यासाने कॅसलमन आजाराच्या नव्या रुग्णांचे प्रमाण दरवर्षी दर दहा लाख लोकसंख्येमागे २१ ते २५ असावे, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला. हाच दर १४० कोटी लोकसंख्येला लावल्यास ही संख्या सुमारे २९ ते ३५ हजार येते. हा केवळ गणिती दाखला आहे, भारताचा प्रत्यक्ष अंदाज नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रमाणाने दुर्मीळ असलेला आजार मोठ्या लोकसंख्येच्या देशात संख्येने लहान राहत नाही. राष्ट्रीय धोरणाच्या दस्तऐवजानुसार जगात सात ते आठ हजार दुर्मीळ आजार आहेत आणि त्यांतील पाच टक्क्यांपेक्षाही कमी आजारांवर उपचार उपलब्ध आहेत.

बाजारपेठ अपुरी का पडते?

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर वस्तूंच्या बाजारपेठेसारखी का चालत नाही, याचे विवेचन केले. आजार केव्हा होईल हे अनिश्चित असते आणि उपचाराबाबत डॉक्टर व रुग्ण यांच्याकडील माहिती असमान असते, ही त्याची दोन मुख्य कारणे होत. दुर्मीळ आजारात ही दोन्ही कारणे तीव्र होतात. येथे अनेकदा डॉक्टरांकडेही पुरेशी माहिती नसते.

तिसरे कारण स्थिर खर्चाचे आहे. समजा, एका औषधाच्या संशोधनाला १,००० कोटी रुपये लागले. रुग्ण दहा लाख असतील तर प्रत्येकामागे हा भार १०,००० रुपये पडतो. रुग्ण एक हजारच असतील, तर तोच भार प्रत्येकी एक कोटी रुपये होतो. त्यामुळे कंपन्या अशा औषधांकडे वळत नाहीत किंवा वळल्यास किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातात. अमेरिकेने १९८३ च्या अनाथ औषध कायद्याने सात वर्षांची विक्रीची मक्तेदारी व करसवलत देऊन यावर उपाय योजला. युरोपीय संघाने २००० पासून दहा वर्षांची मक्तेदारी दिली. त्यामुळे नवी औषधे आली, पण मक्तेदारीमुळे किमतीही चढ्या राहिल्या. प्रोत्साहन आणि परवडण्याजोगी किंमत यांतील हा ताण या क्षेत्राचा कायमचा पेच आहे.

सिरोलिमसचे उदाहरण आणखी एक बाजू दाखवते. पेटंटची मुदत संपलेल्या औषधाचा नवा उपयोग सिद्ध करण्यात कोणत्याही एका कंपनीला विशेष लाभ नसतो, कारण चाचणीचा खर्च तिने करायचा आणि विक्री मात्र सर्वांनी करायची. अशा औषधांच्या चाचण्यांसाठी सार्वजनिक निधी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. जेनेरिक औषधांत अग्रेसर असलेल्या भारतासाठी हे क्षेत्र महत्त्वाचे आहे.

किमतीबाबत भारतीय उद्योग काय करू शकतो, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसून आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चार दुर्मीळ आजारांवरील औषधे देशातच तयार होत असल्याचे जाहीर केले. टायरोसिनेमिया प्रकार एक या आजारावरील निटिसिनोनचा वार्षिक खर्च आयात औषधासाठी सुमारे २.२ कोटी रुपये होता, तो देशी औषधामुळे सुमारे अडीच लाखांवर आला. गोशे आजारावरील एलिग्लुस्टॅटचा वार्षिक खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून तीन ते सहा लाखांपर्यंत उतरला. मूळ खर्चाच्या सुमारे एक-दोन टक्के एवढ्यात उपचार शक्य होणे, ही केवळ बचत नाही. ज्या रुग्णाला उपचार अशक्य होता, त्याला तो त्यामुळे शक्य होतो.

भारताची धोरणात्मक वाटचाल

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्याचा समावेश होतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. त्याच वेळी सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. दुर्मीळ आजारांचा खर्च कोणी करावा, या वादाचे मूळ या रचनेत आहे.

२०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोशे आजाराच्या एका गरीब बालरुग्णाला विनामूल्य उपचार देण्याचा आदेश दिला. त्यानंतर धोरणनिर्मितीला गती मिळाली. २०१७ मध्ये पहिले राष्ट्रीय धोरण तयार झाले, पण अंमलबजावणीतील अडचणींमुळे ते स्थगित ठेवावे लागले. फेरविचारानंतर मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मंजूर झाले. या धोरणाने आजारांचे तीन गट केले. पहिल्या गटात एकदाच केलेल्या उपचाराने बरे होणारे आजार आहेत. दुसऱ्या गटातील आजारांना दीर्घकालीन, परंतु तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागतात. तिसऱ्या गटात उपचार उपलब्ध आहेत, पण ते अत्यंत महागडे व आयुष्यभराचे आहेत.

प्रारंभी पहिल्या गटासाठी राष्ट्रीय आरोग्य निधीतून २० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. मे २०२२ मध्ये ती वाढवून कोणत्याही गटातील रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत करण्यात आली. हे साहाय्य निर्धारित उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. सुरुवातीला अशी आठ केंद्रे होती व नंतर त्यांत भर पडली. दिल्लीचे एम्स, चंडीगडची पदव्युत्तर संस्था, लखनौची संजय गांधी संस्था आणि मुंबईचे केईएम रुग्णालय यांचा त्यांत समावेश आहे. एप्रिल २०२३ पासून धोरणातील आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आयात केलेल्या औषधांवरील मूळ सीमाशुल्क माफ करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मीळ आजारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधी उभारण्याचे आणि त्यासाठी २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांकरिता ९७४ कोटी रुपयांची तरतूद करण्याचे निर्देश दिले. साहाय्याच्या कमाल मर्यादेचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला.

या चौकटीचा भर प्रामुख्याने आनुवंशिक व चयापचयाच्या आजारांवर आहे. ते समजण्यासारखे आहे, कारण दुर्मीळ आजारांतील बहुसंख्य आजार जनुकीय असतात आणि त्यांचे बळी मुख्यतः बालके असतात. परंतु कॅसलमनसारखा, प्रौढ वयातही होणारा, आनुवंशिक नसलेला आणि कर्करोगही नसलेला आजार या रचनेत सहज बसत नाही. तुलनेसाठी जपानचे उदाहरण घेता येईल. तेथे १९७२ पासून असाध्य आजारांचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. २०१५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार आजारांची अधिकृत यादी असते आणि २०१८ मध्ये कारण अज्ञात असलेल्या बहुकेंद्री कॅसलमन आजाराचा तीत समावेश झाला. यादी लवचिक ठेवणे व निकष पूर्ण होताच नवा आजार तीत घेणे, हे त्या व्यवस्थेचे बलस्थान आहे.

कार्यक्षमता की न्याय?

एका रुग्णावर ५० लाख रुपये खर्च करण्याऐवजी त्याच रकमेत कितीतरी क्षयरुग्ण बरे करता येतील, हा युक्तिवाद गैर नाही. मर्यादित साधनांच्या देशात संधिखर्चाचा विचार टाळता येत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. अशा स्थितीत प्रत्येक रुपयाला अनेक दावेदार असतात.

तथापि या युक्तिवादाला मर्यादा आहेत. पहिली अशी, की आजार दुर्मीळ असणे हा रुग्णाचा दोष नाही. ज्या जोखमीची शक्यता कमी पण फटका मोठा, तिच्यासाठीच विम्याची व सामूहिक निधीची कल्पना अस्तित्वात आली. अशा जोखमीचा भार संपूर्ण समाजावर विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्याला तो अल्प येतो. दुसरी मर्यादा अशी, की सर्वच दुर्मीळ आजार महागडे नसतात. चेहऱ्यावरील एककेंद्री कॅसलमन गाठीला कोट्यवधी रुपयांचे औषध लागत नाही. तिला हवी असते वेळेवर ऊतिपरीक्षा आणि एक कुशल शस्त्रक्रिया. येथे खर्चाचा प्रश्न गौण असून व्यवस्थेचा प्रश्न मुख्य आहे.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही उपाय तुलनेने अल्प खर्चात शक्य आहेत. पहिला उपाय निदानाच्या जाळ्याचा आहे. जिल्हा रुग्णालयात काढलेल्या ग्रंथीच्या काचपट्टीचे अंकीय चित्र तज्ज्ञ केंद्राकडे पाठवल्यास रुग्णाला प्रवास करावा लागत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातील कर्करोग केंद्रांना एकत्र बांधले, तसे सहकार्य दुर्मीळ आजारांसाठीही उपयुक्त ठरेल. दुसरा उपाय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाशी जोडण्याचा. फुप्फुसाबाहेरील क्षयाचे निदान प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नसेल आणि प्रतिसादही नसेल, अशा रुग्णांची ठरावीक मुदतीत ऊतिपरीक्षा झाल्यास दुर्मीळ विकारांबरोबरच लसीका ग्रंथींचे कर्करोग व औषधांना दाद न देणारा क्षयही लवकर ओळखता येईल.

तिसरा उपाय नोंदणीचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दुर्मीळ आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आहे. तीत आनुवंशिक नसलेल्या आजारांनाही पुरेसे स्थान मिळाले, तर भारताला स्वतःची आकडेवारी मिळेल व रुग्णसंख्येवर आधारित व्याख्या करणे शक्य होईल. चौथा उपाय जुन्या औषधांच्या नव्या उपयोगासाठी सार्वजनिक निधीतून चाचण्या करण्याचा आहे.

समारोप

कानापुढील एका गाठीपासून सुरू झालेला हा विषय शेवटी आरोग्यव्यवस्थेच्या गुणवत्तेपाशी येतो. नेहमीचे आजार व्यवस्थेची क्षमता दाखवतात, तर दुर्मीळ आजार तिची खोली दाखवतात. पहिले निदान चुकू शकते, हे मान्य करून दुसऱ्या तपासणीची वाट खुली ठेवणारी व्यवस्था क्षयरुग्णाच्याही हिताची असते आणि कॅसलमनच्या रुग्णाच्याही. लहान गावातील रुग्णाची गाठ वेळेत काढली जाऊन योग्य सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचते की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. त्या प्रवासातील प्रत्येक टप्पा सुलभ करणे हे दुर्मीळ आजारविषयक धोरणाचे खरे कार्य होय.